मुहूर्त मिस्त्रींची परीक्षा

"तू? आणि ह्यांची परीक्षा घेणार? अरे, कानावर पेन्सिल कशी ठेवायची हेसुद्धा तुला ह्यांनी शिकवलं!" ताई म्हणाली आणि एवढी हसली की कणकेचा हात गालाला लागला. भाऊजी बाजूला बसून चहा पीत होते. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी विचारलं, "किती वाजता यायचं?"

आमचे भाऊजी असेच आहेत. ताईचा नवरा, वय सत्तावन्न, सुतारकामात चौतीस वर्षं, आणि दहाची दहा बोटं जागेवर. आमच्या धंद्यात हे फार क्वचित बघायला मिळतं. मोठ्या साईटवर दहा सुतार उभे केलेत आणि बोटं मोजलीत तर शंभर भरतील याची मी हमी देत नाही. माझी तर नाहीच देत, कारण माझी आठ आहेत. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं, अशी दोन सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून लोक मला तोंडावर मास्तर म्हणतात आणि पाठीमागे आठबोटे.

मास्तर कसा झालो ते सांगतो, म्हणजे जग कसं चालतं ते कळेल. बोटं गेली आणि कंपनीला माझं काय करावं ते समजेना. काढून टाकावं तर बोभाटा, ठेवावं तर करवत कोण देणार हातात? मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की याला सुरक्षा प्रशिक्षक करा, याला अनुभव आहे. वा रे अनुभव! ज्याची दहा शाबूत तो सावलीत बसून डबा खाणार, आणि ज्याची दोन गेली तो शिकवणार, बोटं कशी सांभाळावी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. पण मी कशाला नाही म्हणू? मला एक टेबल मिळालं, चौदा मुद्द्यांचा एक तक्ता मिळाला आणि एक लांब छडी मिळाली.

भाऊजींना साईटवर मुहूर्त मिस्त्री म्हणतात. बाकीच्यांच्या चार फळ्या कापून होतात तोवर यांचा मुहूर्त लागत नाही. बॅटरीवर चालणारी गोल करवत हातात आली की पहिलं काम, बॅटरी बाहेर. ती ते टेबलावर ठेवत नाहीत, पँटच्या डाव्या खिशात टाकतात. त्या खिशात दुसरं काही नाही, एक खिळासुद्धा नाही. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "पात्याजवळ माझा हात असताना बॅटरी माझ्याकडेच पाहिजे. टेबलावरची बॅटरी काय, कुणीही उचलून लावतो. मदत करायची हौस फार असते लोकांना."

मग पातं. बाणाची दिशा बघणार, एकेक दात बघणार, किल्लीने बोल्ट घट्ट आहे का ते बघणार. मग खालचा गार्ड. म्हणजे पात्याच्या खालच्या अर्ध्या भागावरचं ते फिरतं झाकण. कापताना लाकडाला टेकून मागे सरकतं आणि कापून झालं की आपोआप पुढे येऊन पातं झाकतं. हा गार्ड ते बोटाने मागे ओढणार आणि सोडणार, मागे ओढणार आणि सोडणार, आणि कान देऊन ऐकणार. मग फळीशेजारी करवत धरून खोली लावणार; पात्याचा एक दात फळीखाली दिसला की बस्स, जास्त नाही. मग पात्याला गुण्या लावून काटकोन बघणार, फळी क्लॅम्पने आवळणार, आणि कापल्यावर तुकडा मोकळा खाली पडेल की मध्येच वाकून पातं चिमटीत धरेल, ते वाकून बघणार. एवढं सगळं झाल्यावर बॅटरी लावणार, पात्याच्या रेषेतून जरा बाजूला उभे राहणार, दोन्ही हातांनी धरणार. कापायला वीस सेकंद लागतात. त्याच्या आधीची पंधरा-वीस मिनिटं बघणाऱ्याचा अंत बघतात.

पोरं त्यांची नक्कल करायची. कुणी डब्याचं झाकण चारदा उघडून बंद करायचा आणि कान लावायचा. मीही हसायचो. हसणाऱ्यांत मी पुढे होतो, हे सांगून टाकलेलं बरं.

तर झालं असं. आमचं काम एका मोठ्या इमारतीत सुरू होतं. सात मजले, सगळीकडे केबिन, कपाटं, पार्टिशन. वर्षभराचं काम. वरून हुकूम आला की सुरक्षा कार्ड असल्याशिवाय परवापासून कुठल्याही सुताराला गेटच्या आत सोडायचं नाही. कार्ड पाहिजे तर परीक्षा द्या. परीक्षा मी घेणार, सही मी करणार आणि सुपरवायझर साहेब बाजूला फाईल घेऊन बसणार. साहेब माणूस वाईट नाही हो. त्याला फक्त कागद पूर्ण भरलेला लागतो. कागदावर टिकची खूण दिसली की त्याला शांत झोप लागते.

भाऊजींना हे कार्ड मिळणं म्हणजे काय होतं, ते त्यांनी तोंडाने सांगितलं नसतं. ताईने सांगितलं. मला दाराबाहेर गाठून म्हणाली, "मी हसले मघाशी, पण नीट ऐक. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार आहे यांना? सगळ्यांना घाईवाला माणूस पाहिजे. हे काम गेलं ना, तर हे घरात बसून राहतील. आणि घरात बसले की संपले." मी म्हटलं, "अगं, त्यांनाच नापास केलं तर पास कोणाला करू?" असं मी म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तळमजल्यावर परीक्षा सुरू झाली. तेवीस सुतार. टेबलावर कंपनीची परीक्षेची करवत, बाजूला प्लायच्या पट्ट्या, भिंतीवर माझा तक्ता. पद्धत अशी की एकेकाने यायचं, मुद्दा मोठ्याने म्हणायचा आणि करून दाखवायचा, मी टिक करायचं. भाऊजी रांगेत सगळ्यांत मागे उभे राहिले. पुढे जा म्हटलं तर म्हणाले, "मला वेळ लागतो. लोकांचा खोळंबा नको."

पहिला आला तो तोंडाने गाडीच चालवत आला. "बॅटरी काढली पातं तपासलं गार्ड तपासला खोली लावली." श्वाससुद्धा घेतला नाही. गार्ड तपासला म्हणताना त्याने गार्डकडे बोट दाखवलं आणि मी टिक केलं. दुसऱ्याने बोटही दाखवलं नाही, नुसती मान हलवली. टिक. सगळी पोपटपंची. बाराच्या आत बावीस जण झाले, बावीस पट्ट्या कापल्या, बावीस पास. साहेब खूश होऊन म्हणाला, "मास्तर, तुमची माणसं तयार आहेत."

मग भाऊजी आले. खांद्यावरचा रुमाल काढून ठेवला, चष्मा पुसला, करवत उचलली, बॅटरी काढली आणि खिशात टाकली.

"खिशात नाही," साहेब म्हणाला, "तक्त्यावर लिहिलंय, बाजूला ठेवावी."

"माझ्या बाजूलाच आहे की."

मागे हशा पिकला. साहेबाने माझ्याकडे बघितलं, मी टिक केलं. पातं बघून झालं. मग त्यांनी गार्ड मागे ओढला आणि सोडला. आवाज आला तो अर्धवट, काहीतरी अडल्यासारखा. पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. गार्ड पुढे आला आणि पुरता मिटायला दोन बोटं असताना थांबला. तेवढं पातं उघडंच राहिलं.

"बंद होत नाही," भाऊजी म्हणाले आणि करवत टेबलावर ठेवली.

"थोडंसं राहतंय, चालतं," साहेब म्हणाला. "कापा पट्टी."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"अशी करवत मी चालवत नाही."

"अहो, सकाळपासून बावीस जणांनी चालवली!"

भाऊजींनी बावीस जणांकडे बघितलं, मग पुन्हा करवतीकडे. "त्यांनी चालवली असेल."

मागून आवाज सुरू झाले. मुहूर्त नाही वाटतं आज! अहो, जेवायची वेळ झाली! साहेबाने घड्याळ बघितलं आणि मला म्हणाला, "मास्तर, कापायला नकार. शेवटचे सगळे मुद्दे कोरे. मग नापासच ना? लिहा आणि संपवा." आणि मग, अगदी सहज, कागद पूर्ण करण्यापुरतं, विचारलं, "करवत सकाळी तुम्ही तपासली होती ना? इथे तुमची सही आहे."

भाऊजी माझ्याकडे बघत होते. त्यांनी एक शब्द काढला असता तर मी तिथेच उघडा पडलो असतो. आणि त्यांना सगळं माहीत होतं हो, आजचंही आणि सहा वर्षांपूर्वीचंही.

सहा वर्षांपूर्वीचं असं होतं. बारीक पट्ट्या कापताना गार्ड सुरुवातीला अडतो, वेळ खातो. म्हणून आमच्यातले शहाणे काय करतात, गार्ड वर ओढून त्यात लाकडाची पाचर ठोकतात. गार्ड कायमचा उघडा, काम झटपट. माझ्या करवतीला अशी पाचर होती. भाऊजींनी ती दोनदा काढून फेकली. दुसऱ्या वेळी मी त्यांना नको ते बोललो; म्हातारे झालात, घरी जा, म्हणालो. तिसऱ्यांदा ठोकली आणि तासाभरात, पातं थांबायच्या आधीच करवत खाली ठेवून तुकडा उचलायला गेलो. ती उघड्या पात्यावर पळत आली. भाऊजींनी माझा हात बांधला, मला उचललं, आणि साहेबलोक यायच्या आत ती पाचर उपसून स्वतःकडे ठेवली. कागदावर लागलं, गार्डची स्प्रिंग तुटली. त्यांनी आयुष्यात एकदा खोट्याला हात लावला असेल तर तो माझ्यासाठी. त्यानंतर त्या पाचरीबद्दल अवाक्षर काढलं नाही, ताईजवळसुद्धा नाही.

आणि आजचं? आजचं त्याहून लाजिरवाणं. त्या दिवसापासून मी करवतीला हातच लावलेला नाही. लावूच शकत नाही. बॅटरी काढलेली असली, मैलभर लांब ठेवलेली असली, तरी पात्याखाली हात न्यायचा म्हटलं की माझी पाचावर धारण बसते. घाम फुटतो, नसलेली बोटं दुखायला लागतात. छडी लांब का आहे, आता कळलं ना? सहा वर्षं मी उंटावरून शेळ्या हाकतोय. रोज सकाळी करवतीपासून दोन हातांवर उभा राहतो, "गार्ड तपासला" म्हणतो आणि सही करतो.

"मास्तर?" साहेब म्हणाला.

पेन माझ्या हातात होतं. नापास लिहायला दोन सेकंद. लिहिलं असतं तर कुणीच काही म्हटलं नसतं; भाऊजी रुमाल खांद्यावर टाकून घरी गेले असते, आणि संध्याकाळी मी ताईला तोंड दाखवलं नसतं, एवढंच. खरं सांगतो, मी 'ना' लिहिला होता. मग मला रागच आला. कुणाचा ते विचारू नका. पेन आपटलं मी टेबलावर.

"नाही तपासली!" मी ओरडलो. "आज नाही, काल नाही, सहा वर्षांत एकदाही नाही! हात लावायला भीती वाटते मला. ऐकलं? भीती! तुमच्या सुरक्षा मास्तराला करवतीची भीती वाटते. आणि ती स्प्रिंगही तुटली नव्हती. पाचर मारली होती मी, या हाताने. या माणसाने दोनदा काढली, मी तिसऱ्यांदा मारली. या बावीसांच्या कागदावर माझी सही आहे ना, ती खोटी. तपासलं आहे ते फक्त याने. आणि नापास कोण? हा!"

मला वाटलं होतं, आता कुणी तरी म्हणेल, शाब्बास मास्तर, खरं बोललात. कसलं काय! साहेबाच्या तोंडचं पाणी पळालं आणि तो म्हणाला, "म्हणजे बावीस कागद रद्द?" त्याबरोबर बावीस जण उसळले. माझ्यावर नाही, भाऊजींवर! याच्यामुळे आमची परीक्षा गेली म्हणे. जेवण गेलं म्हणे. गप कापली असती पट्टी तर काय बिघडलं असतं म्हणे. मी कपाळावर हात मारून घेतला, तीनच बोटांचा का होईना.

भाऊजी या गदारोळात स्टूल ओढून बसले होते. त्यांनी किल्लीने बोल्ट सोडवला, पातं काढलं आणि गार्डच्या बिजागरीत अडकलेला वाळका गोंद आणि भुसा खिळ्याच्या टोकाने खरवडायला लागले. सुपारीएवढा गोळा निघाला. पुसून, पातं लावून, बोल्ट आवळून त्यांनी करवत टेबलावर ठेवली. म्हणाले, "चला, कोण येतंय पहिला?"

साहेबाला उद्या साईट रिकामी ठेवायची नव्हती. त्याने घाम पुसला आणि भाऊजींना म्हणाला, "तुम्हीच बघा मग यांना. सही मास्तरांचीच लागेल, रजिस्टरला त्यांचं नाव आहे. मास्तरांचं काय करायचं ते पुढच्या आठवड्यात बघू." (बघितलं त्यांनी. टेबल, तक्ता, छडी, सगळं गेलं. आता मी स्टोअरमध्ये स्क्रू देतो. बरं चाललंय.)

दुपारभर भाऊजी उभे होते. बावीस जणांनी एकेक करून गार्डला हात लावला. पोपटपंची सुरू झाली की भाऊजी म्हणायचे, "तोंड बंद कर, हात चालव." तिघांना परत रांगेत पाठवलं. शिव्या खाल्ल्या, पण पाठवलं. पाच वाजत आले, बावीस पट्ट्या खाली पडल्या, पोरं हात झटकून घरी गेली. साहेब वर चहाला गेला. आम्ही दोघंच उरलो, आणि भाऊजींचा कागद, त्यावर माझा तो अर्धवट 'ना'.

"आणा," मी म्हटलं, "पास लिहून टाकतो. तुमचं काय बघायचं!"

"बघितल्याशिवाय लिहायचं नाही. परीक्षा घे माझी." त्यांनी करवत माझ्यापुढे सरकवली. बॅटरी काढून खिशात टाकलेली होती. "पण आधी गार्ड तू तपास."

"तुम्हीच साफ केलाय ना!"

"म्हणूनच. मी साफ केलाय, तर मी नीट आहे असंच म्हणणार."

"भाऊजी, मला नाही जमणार. कार्डाचं बघा, साहेब खाली आला की फाईल बंद करेल. ताई काय म्हणेल?"

"ताईला मी सांगेन काय ते. तू तपासल्याशिवाय मी हात लावणार नाही. कार्ड गेलं तर गेलं."

मला ओरडावंसं वाटलं, हा हट्टीपणा की वेडेपणा? एवढं एक कार्ड, ते या माणसाने माझ्या हातात ठेवलं होतं. मी हात पुढे नेला आणि मागे घेतला. पुन्हा नेला. पात्याचे दात दिसले आणि पोटात गोळा आला. "होत नाही हो," मी म्हटलं, आणि आवाज रडवेला झाला, लपवता आला नाही.

भाऊजी माझ्या शेजारी येऊन टेबलाला टेकले. खाली बघत म्हणाले, "गोळा येतो ना पोटात?"

"येतो."

"मलाही येतो."

"तुम्हाला?"

"रोज. चौतीस वर्षं. सकाळी हातात घेतली की येतोच. मग बॅटरी काढतो, पातं बघतो, गार्ड बघतो. एकेक बघून झालं की गोळा जरा कमी होतो. पुरता कमी झाला की कापतो. म्हणून तर वेळ लागतो रे मला. तुला काय वाटलं, मी फार हुशार आहे?"

आख्खी साईट ज्याला हसली, मीही ज्याला हसलो, तो इतकी वर्षं नुसता घाबरत होता, आणि घाबरत घाबरत रोज कामाला येत होता. मला सहा वर्षं वाटत होतं की घाबरणारा मी एकटाच.

मी डावा हात पुढे केला. तीन बोटांनी गार्डचा खटका धरला, मागे ओढला, सोडला. टक्. गार्ड पुरता मिटला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते मी बाहीने पुसलं.

"अजून एकदा," भाऊजी म्हणाले.

मी अजून एकदा ओढून सोडला. मग त्यांनी बॅटरी पुन्हा खिशातच आहे ना ते चाचपलं आणि पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात केली. छडी मी भिंतीला टेकवून ठेवली आणि चौदाचे चौदा मुद्दे त्यांच्या शेजारी उभं राहून बघितले. 'ना' खोडून 'पास' लिहिलं तेव्हा साहेब जिन्यावरून खाली येत होता.